भाकरी, जातं आणि मिलो : महाराष्ट्राच्या ताटाचा इतिहास

मागच्या व्याख्यानानंतर श्रोत्यांकडून जे प्रश्न आले, त्यांत एक प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत सात-आठ जणांनी विचारला होता. आपल्या आजी-पणजीच्या काळी लोक घरचं, ऋतूनुसार, सकस खात होते, म्हणून ते धडधाकट होते. हे खरं का? प्रश्न साधा वाटतो. पण इतिहासाच्या माणसाला त्यावर लगेच दुसरा प्रश्न सुचतो : कोणाची आजी? सोलापूरच्या कोरडवाहू शेतकऱ्याची, पुण्याच्या पेठेतली, कोकणात खोताच्या शेतावर राबणारी, की मराठवाड्यात गावकुसाबाहेर राहणारी? या चौघींची ताटं शेजारी शेजारी ठेवली तर त्यांत मीठ सोडून फारसं काही सारखं निघणार नाही. तेव्हा आज आपण ‘पारंपरिक सकस आहार’ हा शब्द जरा बाजूला ठेवू आणि ताटातल्या एकेका जिनसाला विचारू, बाबा, तू कधी आलास आणि तुला इथपर्यंत कोणी आणलं?

सुरुवात घोड नदीच्या काठावरून करू. पुणे जिल्ह्यात शिरूर तालुक्यात इनामगाव आहे. 1968 पासून पुढची बारा-चौदा वर्षं डेक्कन कॉलेजच्या मंडळींनी तिथे उत्खनन केलं. सांकलिया, ढवळीकर, अन्सारी ही त्यातली ठळक नावं. इसवी सनापूर्वी साधारण 1600 ते 700 या काळात तिथे शेतकऱ्यांची वस्ती होती. महाराष्ट्रातल्या इतक्या जुन्या शेतकऱ्याच्या घरात डोकावायला मिळावं, अशा जागा मोजक्याच. तर हे लोक मुख्यतः काय खात होते? जव. म्हणजे बार्ली. सोबत थोडा गहू, मसूर, लाख, वाटाणा, बोरं. गुरं, शेळ्या-मेंढ्या, हरणं आणि नदीतले मासेही. आज महाराष्ट्रात जव कोणाच्या घरात असतो? एखाद्या पूजेच्या पुडीत सापडला तर सापडला.

म्हणजे आपल्या मातीतलं पहिलं ठाऊक असलेलं मुख्य धान्य आपण केव्हाच सोडून दिलं आहे. आणि ज्याला आपण मातीतलं म्हणतो, ती ज्वारी आफ्रिकेतून आली. बाजरी आणि नाचणीही तिकडूनच. ही धान्यं समुद्रमार्गे भारताच्या पश्चिम भागात येऊन रुजली, हळूहळू दख्खनभर पसरली, आणि पाऊस कमी-जास्त होणाऱ्या या प्रदेशात त्यांनी जवाला मागे टाकलं. याचं कारण आपल्या काळ्या जमिनीत आहे. भाद्रपद-आश्विनात पेरलेला शाळू वरून फार पाऊस नसताना जमिनीत मुरलेल्या ओलीवर वाढतो. वर थंडी, खाली ओल, आणि मकरसंक्रांतीच्या आसपास हुरडा. शिवाय दाणा माणसाला आणि कडबा बैलाला. ही शेवटची गोष्ट लक्षात ठेवा, कारण पुढे सगळी गडबड तिथेच होणार आहे.

मधली अडीच हजार वर्षं आपण झपाट्याने ओलांडू. राजेरजवाड्यांच्या ताटाविषयी लिहून ठेवलेलं भरपूर आहे. बाराव्या शतकात कल्याणीच्या चालुक्य राजाने, तिसऱ्या सोमेश्वराने, ‘मानसोल्लास’ नावाचा प्रचंड ग्रंथ रचला. त्यात अन्नभोगाचं प्रकरण आहे. मांडे आहेत, इडली-डोशाचे पूर्वज आहेत, आणि शेतातले भाजलेले उंदीरही आहेत. (हे सांगितलं की सभागृहात नेहमी कुजबुज होते, आत्ताही झाली.) सतराव्या शतकाच्या अखेरीस रघुनाथ नवहस्त यांनी ‘भोजनकुतूहल’ लिहिलं. त्यांचा संबंध तंजावरच्या भोसले दरबाराशी होता. ग्रंथ संस्कृत, पण त्यात पदार्थांची मराठी नावंही सापडतात. कोणता पदार्थ वातूळ, कोणता पित्तकर, याची चर्चा त्यात आहे. म्हणजे जेवण आणि प्रकृती यांचा हिशेब लावण्याचा नाद आपल्याकडे अलीकडचा नाही. फक्त हा हिशेब ज्यांना निवड करता येत होती त्यांच्यासाठी होता.

याच सुमाराला पश्चिम किनाऱ्यावर पोर्तुगीज जहाजांतून अमेरिकेतली पिकं उतरत होती. मिरची, बटाटा, रताळं, मका, भुईमूग, लाल भोपळा, पेरू, पपई, अननस, काजू. एकदम सगळी शेतात गेली नाहीत, काहींना दोनशे वर्षं लागली. पण आज यांतलं काय वजा करून मराठी स्वयंपाक होईल? मिरची वजा केली तर ठेचा गेला, भुईमूग वजा केला तर कूट गेलं. त्यापूर्वी तिखटपणासाठी मिरी होती आणि चटणीसाठी कारळ, तीळ, जवस, करडई. ज्वारीच्या शेताच्या कडेने करडईचे तास घालण्याची रीत अजूनही कुठे कुठे दिसते. करडई काटेरी, त्यामुळे जनावर आत शिरत नाही, आणि घरचं तेलही निघतं.

गंमत उपवासाची आहे. उपवासाला चालतं ते काय? साबुदाणा, बटाटा, रताळं, शेंगदाणा, मिरची. पाचही अमेरिकेचे! साबुदाणा तर दक्षिण अमेरिकेतल्या कसावाच्या कंदाचा स्टार्च, आणि तमिळनाडूत सेलमच्या भागात त्याचे कारखाने दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास बाहेरून येणारा माल बंद झाल्यावर वाढले. पुष्कळ घरांत उपवासाला गहू-ज्वारी चालत नाही, कारण ती ‘धान्य’. शास्त्रात नाव नसलेल्या नव्या पाहुण्यांना मात्र आत यायला कोणी अडवलं नाही. आम्हाला यात हसण्यासारखं काही वाटत नाही. उलट आपल्या बायकांनी नवं पीक किती शहाणपणाने नियमांत बसवून घेतलं, याचंच कौतुक वाटतं. फक्त एकादशीच्या दिवशी साबुदाण्याची वाटी पुढे ठेवून ‘आपली हजारो वर्षांची परंपरा’ असं कोणी म्हणू लागलं, तर थोडं थांबावं.

आता ऋतूंकडे येऊ. ऋतूनुसार खाणं हे पूर्वी कोणाचं ठरवून घेतलेलं व्रत नव्हतं, नाइलाज होता. जे आत्ता रानात आहे ते खायचं, नाहीतर जे वाळवून ठेवलंय ते. पण या नाइलाजाला आपल्याकडे पंचांगाने इतकं सुरेख बांधून घेतलं आहे की त्यावर थोडं रेंगाळायला हवं.

आषाढी एकादशीच्या आधीची कांदेनवमी घ्या. त्या दिवशी कांद्याची भजी, कांद्याची थालीपिठं, वांग्याचं भरीत, सगळं भरपेट खायचं, कारण पुढे चार महिने कांदा, लसूण, वांगं बंद. चातुर्मास पाळणाऱ्या घरांतलीच ही रीत, सगळ्यांची नाही. पण पावसाळ्यात साठवलेला कांदा कसा सडतो आणि वांग्यात किडीचा त्रास किती असतो, हे ज्याने शेती केली आहे त्याला सांगायला नको. याच चार महिन्यांत रानात टाकळा, कुर्डू, भारंगी, फोडशी, करटोली, शेवळं फुकट उभी असतात. शेवळं तर नीट केली नाहीत तर घशाला खाजतात, म्हणून ती काकडाच्या आंबट फळांबरोबर शिजवायची. आता हे कोणत्या पुस्तकात लिहिलं होतं? ठाणे-रायगडच्या आदिवासी बायकांच्या हातात होतं. आजही पहिल्या पावसानंतर त्या शेवळांच्या जुड्या घेऊन बाजारात बसतात, तेव्हा भाजी विकतातच, आणि कृतीही तोंडी सांगतात.

भाद्रपदातल्या ऋषिपंचमीला बैलाच्या कष्टाचं खायचं नाही. म्हणजे नांगरलेल्या शेतातलं काही नको; परसातलं, कुंपणावरचं, हाताने लावलेलं चालेल. त्यातून ऋषीची भाजी झाली. अळू, माठ, सुरण, दोडकं, पडवळ, भेंडी, मक्याचं कणीस, लाल भोपळा, सगळं एकत्र, मसाला जवळजवळ नाहीच. मका आणि भोपळा परत अमेरिकेचे, ते सोडून द्या. मार्गशीर्षात चंपाषष्ठीला खंडोबाला वांग्याचं भरीत आणि रोडगा, म्हणजे थंडीतलं नवं वांगं आणि पातीचा कांदा ताटात परत आला. मग पौषात भोगी. बाजरीची तीळ लावलेली भाकरी, लोणी, आणि ओला हरभरा, पावटा, घेवडा, गाजर, वांगं, बोरं, उसाचे तुकडे असं थंडीत जे जे पिकतं त्याची मिसळीची भाजी. ‘न खाई भोगी तो सदा रोगी’ ही म्हण तुम्हाला माहीत आहेच. बाजरी उष्ण, ती थंडीत. उन्हाळ्यात ज्वारी, आंबील, ताक. उन्हं तापली की सांडगे, कुरडया, पापड, आंबोशी, कोकम. मराठवाड्या-विदर्भाकडे हरभऱ्याचा कोवळा पालाही वाळवून ठेवत. चैत्र-वैशाखात हिरवं काही मिळायचं नाही, तेव्हा त्या वाळल्या पाल्याची भाजी आणि भाकरी.

इथपर्यंत ऐकताना आपल्याला छान वाटतं. नेमकं इथेच थांबून ‘पूर्वी सगळं किती शास्त्रशुद्ध होतं’ असं म्हणायचा मोह होतो. पण या पंचांगात एक पान नेहमी कोरं असायचं. पाऊस न पडलेल्या वर्षाचं.

1876 ते 78 चा दुष्काळ. दख्खनभर पिकं बुडाली. सरकारने खडी फोडायची, रस्ते बांधायची कामं काढली. जानेवारी 1877 मध्ये सर रिचर्ड टेंपल यांची दुष्काळासाठी खास नेमणूक झाली, आणि त्यांनी खर्च कमी करण्यासाठी मजुरी उतरवली. पुरुषाला दिवसाला एक पौंड धान्य, म्हणजे साधारण 450 ग्रॅम, आणि वर एक आणा. बाईला त्याहून कमी. उन्हात दगड फोडणाऱ्या माणसाला हे पुरेल का? टेंपल म्हणाले, पुरेल. मद्रासचे सॅनिटरी कमिशनर डॉक्टर कॉर्निश म्हणाले, अजिबात नाही. किमान दीड पौंड धान्य हवं आणि त्याबरोबर डाळ, भाजी हवीच. या दोघांचा वाद कागदोपत्री आहे. आम्हाला तो फार महत्त्वाचा वाटतो. माणसाला जगायला काय काय आणि किती लागतं, हा प्रश्न आपल्याकडे सार्वजनिकरीत्या मांडला गेला तो असा, उपाशी माणसांच्या मजुरीच्या निमित्ताने. आणि उत्तर फक्त डॉक्टरांनीच दिलं असं नाही. मुंबई इलाख्यातल्या मजुरांनी ही मजुरी नाकारली, कामं सोडून दिली. पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्यांची बाजू घेतली, दुष्काळी भागातून माहिती गोळा करून सरकारकडे पाठवली. मार्च 1877 मध्ये मद्रास सरकारने शिधा थोडा वाढवला : 570 ग्रॅम धान्य आणि 43 ग्रॅम डाळ. त्रेचाळीस ग्रॅम डाळ म्हणजे किती, ते घरी गेल्यावर वाटीत मोजून बघा.

आता जात्याकडे वळू. ‘होल ग्रेन’ हा शब्द आज पाकिटावर छापलेला असतो. आपल्याकडे तो वेगळा शब्दच नव्हता, कारण जात्यावरचं पीठ म्हणजे अख्ख्या दाण्याचंच पीठ. ज्वारीचं पीठ तर फार दिवस ठेवूनही चालत नाही, त्याची विरी जाते. विरी गेलेल्या पिठाची भाकरी थापताना कडा फाटतात. ज्वारीत गव्हासारखा चिकटपणा नाही, म्हणून तर उकळतं पाणी घालून पीठ मळायचं, तळहाताने काटवटीत रगडायचं आणि लगेच थापायचं. म्हणजे पीठ ताजं हवं. म्हणजे रोज नाहीतर दिवसाआड दळण हवं. आणि दळायचं कोणी?

पहाटे तीन-चारला उठून बाई जात्यावर बसायची. घरात दहा-बारा माणसं असली तर दोन-अडीच तास. मग पाणी, मग चूल, मग शेत. जात्यावरच्या ओव्यांचा जो प्रचंड साठा गी पॉइतवें आणि हेमा राईरकर यांनी गावोगाव फिरून जमवला, त्यात एक लाखाहून अधिक ओव्या आहेत. एवढं वाङ्मय जमलं ते किती हातांनी किती वर्षं खुंटा फिरवला म्हणून, याचा विचार आपण ओव्या ऐकताना करत नाही. आजीच्या ताटातली सकसता आजीच्या दंडातून आलेली होती. आणि ती स्वतः शेवटी जेवायची. कोरड्यास संपलेलं असायचं.

आता विज्ञान काय म्हणत होतं ते पाहू, कारण इथे दोन उलट्या गोष्टी एकाच संस्थेतून आल्या. 1920 च्या दशकात नीलगिरीतल्या कुन्नूरला रॉबर्ट मॅकॅरिसन नावाचे डॉक्टर आहारावर संशोधन करत होते. त्यांनी पांढऱ्या उंदरांचे गट पाडले आणि प्रत्येक गटाला भारतातल्या एकेका समाजाचा आहार दिला. एका गटाला शिखांचा, एकाला पठाणांचा, एकाला मराठ्यांचा, आणि पुढे गुरखा, कानडी, बंगाली, मद्रासी. मग उंदरांची वजनं केली. शिखांचं जेवण खाणारे उंदीर सरासरी 235 ग्रॅम, मद्रासी जेवणावरचे 155. मराठी जेवणाचे 225, म्हणजे तिसरा नंबर! गव्हाची पोळी, दूध, डाळ, हिरवी भाजी एका टोकाला आणि यंत्रावर सडलेला पांढरा तांदूळ दुसऱ्या टोकाला. (‘मराठी उंदीर’ बंगाली उंदरापेक्षा मोठा निघाला, याचा अभिमान बाळगायचा की नाही हे ज्याने त्याने ठरवावं.) अर्थात ‘मराठ्यांचा आहार’ म्हणून उंदरांपुढे जे ठेवलं ते दूध-डाळ-भाजीसकट होतं. ते प्रत्येक मराठ्याच्या पुढे होतं का, हे उंदरांना कोणी विचारलं नाही.

हाच धागा धरून गांधीजींनी 1934 मध्ये वर्ध्याच्या मगनवाडीत अखिल भारत ग्रामोद्योग संघ सुरू केला. कुमारप्पा त्याचे मुख्य कार्यकर्ते. हातसडीचा तांदूळ, जात्याचं पीठ, साखरेऐवजी गूळ, घाण्याचं तेल. 1935 मध्ये गांधीजी ‘हरिजन’मधून हिरव्या पाल्याच्या गुणांवर लिहीत होते, स्वतः कच्चा पाला खाऊन बघत होते, आणि आश्रमातल्या लोकांनाही खायला लावत होते. आज पोषणतज्ज्ञ जे सांगतात, त्यातलं बरंचसं नव्वद वर्षांपूर्वी वर्ध्यात सांगून झालेलं आहे. मग ते का टिकलं नाही? आमचं मत स्पष्ट आहे. गावात इंजिनावर चालणारी पिठाची गिरणी आली, तेव्हा बायकांनी एका दिवसात निर्णय घेतला. जातं भिंतीला लागलं. ग्रामोद्योगाच्या अर्थशास्त्रात गिरणीचा तोटा मोजलेला होता, पहाटेची झोप मोजलेली नव्हती. आणि गिरणीतलं ज्वारीचं पीठही अख्ख्या दाण्याचंच असतं, हेही सांगायला हवं. सकसता जात्याबरोबर गेली नाही, ती नंतर गेली.

दुसरी, उलटी गोष्ट. कुन्नूरची ती प्रयोगशाळा 1958 मध्ये हैदराबादला हलली. तीच आजची राष्ट्रीय पोषण संस्था. तिथे डॉक्टर गोपालन आणि त्यांचे सहकारी यांना दख्खनच्या पठारावरच्या गरीब माणसांत पेलाग्रा दिसत होता. कातडी काळवंडते, सोलते, जुलाब होतात, डोकं चालेनासं होतं. जगात हा रोग मका खाणाऱ्यांचा म्हणून प्रसिद्ध. इथले रोगी ज्वारी खाणारे होते. त्यांनी 1960 मध्ये ज्वारीतल्या ल्यूसिन या घटकाशी त्याचा संबंध जोडून दाखवला. म्हणजे तीच आपली सकस भाकरी, पण नुसतीच भाकरी, मिरची आणि मीठ यांच्याबरोबर वर्षानुवर्षं खाल्ली, तर माणूस आजारी पडतो. तिच्याबरोबर डाळ, ताक, पालेभाजी, शेंगदाणे असले की नाही. भोगीच्या भाजीचं, अंबाडीच्या भाजीत घातलेल्या कण्या-डाळीचं, पिठल्याचं मोल इथे कळतं. आणि ज्याच्या घरी ते परवडत नव्हतं, त्याच्या आजीचं काय झालं असेल, तेही.

1943 च्या मे महिन्यात मुंबईत रेशनिंग सुरू झालं आणि शहरातल्या माणसाचं धान्य सरकार ठरवू लागलं. पण ग्रामीण महाराष्ट्राचं ताट बदललं ते 1972 ला. लागोपाठ वर्षं पाऊस फसला होता, बहात्तरला तर काहीच पिकलं नाही. 1973 च्या मे महिन्यात सुमारे 50 लाख माणसं दुष्काळी कामांवर होती. खडी, पाझर तलाव, नाला बांध. सत्त्याहत्तर सालचा, म्हणजे 1877 चा, तो पौंडाचा वाद इथे आठवावा. या वेळी सरकार लोकांनी निवडलेलं होतं, विधानसभेत प्रश्न विचारणारे होते, गावोगाव मोर्चे निघत होते. याच दिवसांत रोजगार हमीची योजना उभी राहिली आणि 1977 मध्ये तिचा कायदा झाला. माणसं खंगली, गुरं मेली, पण 1877 सारखा माणसांचा संहार झाला नाही.

त्या वेळी काय खाल्लं, हे त्या पिढीतल्या कोणालाही विचारा, दोन शब्द येतील. सुकडी आणि मिलो. सुकडी म्हणजे कामावर वाटलं जाणारं कोरडं, गोडसर, पौष्टिक मिश्रण. मिलो म्हणजे अमेरिकेहून आलेली लाल ज्वारी. तिकडे ती प्रामुख्याने जनावरांच्या खाद्यासाठी पिकवतात, हे लोकांना कळलं होतं. तिची भाकरी तांबडी, चिवट, वासाला वेगळी. बायका सांगतात, थापताना हाताला ओळखच लागायची नाही. ‘आम्ही मिलो खाऊन दिवस काढले’ हे वाक्य सांगणाऱ्याच्या आवाजात उपकार आणि अपमान दोन्ही असतात. त्या लाल भाकरीने माणसं जगवली, हे विसरून चालणार नाही. आणि ती खाताना काय वाटलं, हेही.

याच सुमारास हायब्रीड ज्वारी पसरत होती. पहिलं संकरित वाण, सीएसएच-1, 1964 चं. उत्पन्न दुप्पट-तिप्पट. पण ताट बुटकं, कडबा कमी. आणि खरिपात लवकर तयार होत असल्यामुळे कणसं पावसात सापडायची, दाणा काळा पडायचा. लोकांच्या बोलण्यात ‘हायब्रीड’ हे ज्वारीचं नाव झालं आणि काही ठिकाणी शिवीही झाली. पाहुण्याला हायब्रीडची भाकरी वाढायची नाही, त्याच्यासाठी शाळू. तो शाळू म्हणजे बहुतेक ठिकाणी मालदांडी. सोलापूरकडे मोहोळच्या संशोधन केंद्रावर 1930 च्या दशकात निवडलेलं एम 35-1 हे वाण. इतकी वर्षं गेली तरी रब्बीत अजून त्याला तोड मिळाली म्हणता येत नाही.

मग ज्वारी ताटातून गेली कशी? नकाराने नाही गेली, हिशेबाने गेली. रेशनवर गहू-तांदूळ स्वस्त मिळू लागला. पोळी म्हणजे सणाचं, भटजी-सावकाराच्या घरचं, पाहुण्याचं जेवण. ती आता रोज खाता येऊ लागली, तर कोण नाही म्हणेल? मुलाच्या डब्यात भाकरी असली की वर्गात हसत होते, हे साठ-सत्तर सालच्या कितीतरी लोकांनी सांगितलेलं आहे. शिवाय भाकरीला वेळ लागतो, एकेक थापावी लागते, आणि गार झाली की ती कडक होते. बैलाच्या जागी ट्रॅक्टर आला, तेव्हा कडब्याची गरज घटली. आधी म्हटलं होतं ना, दाणा माणसाला आणि कडबा बैलाला. बैल गेला आणि पिकाचा अर्धा उपयोग गेला. मराठवाडा-विदर्भात 1980 नंतर खरीप ज्वारीच्या जागी सोयाबीन शिरलं, कारण त्याला रोख पैसा मिळतो. शाळू काढणं तर अतिशय कष्टाचं. भेगाळलेल्या जमिनीतून ताटं मुळासकट उपटायची, हाताची सालटं निघतात. त्या कामाला आता मजूर मिळत नाही, आणि मिळाला तर परवडत नाही.

आणि मग चाक फिरलं. 2016 मध्ये मंगळवेढ्याच्या ज्वारीला भौगोलिक मानांकन मिळालं. 2018 मध्ये केंद्र सरकारने भरडधान्यांना ‘पोषक धान्य’ म्हणायला सुरुवात केली, आणि भारताच्या प्रस्तावावरून संयुक्त राष्ट्रांनी 2023 हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष जाहीर केलं. ज्यांना मधुमेह झाला त्यांना डॉक्टर भाकरी खायला सांगू लागले. हॉटेलांत भाकरी पोळीपेक्षा महाग झाली. 2013 च्या अन्नसुरक्षा कायद्यात तांदूळ 3 रुपये, गहू 2 रुपये आणि भरडधान्य 1 रुपया किलो असा दर लिहिलेला होता. 2023 पासून हे धान्य मोफत आहे. कागदावर सर्वांत स्वस्त ते भरडधान्य. दुकानात मात्र पिशवीत पडतो तो बहुतेक वेळा गहू आणि तांदूळच. त्यामुळे आज चित्र असं आहे की जिच्या आजीने भाकरी खाल्ली ती मजूर बाई रेशनच्या गव्हाची पोळी खाते, आणि जिच्या आजीने भाकरीला नाक मुरडलं तिच्या टेबलावर शाळूची भाकरी असते.

एक गोष्ट राहिली. घरगुती स्वयंपाकाचा इतिहास लिहायचा तर साधन म्हणून आपण पाकपुस्तकांकडे जातो. लक्ष्मीबाई धुरंधर यांचं ‘गृहिणीमित्र अथवा हजार पाकक्रिया’ 1910 चं; कमलाबाई ओगले यांचं ‘रुचिरा’ 1970 चं, ज्यावर नव्याने संसार मांडलेल्या दोन पिढ्या स्वयंपाक शिकल्या. फार मोलाची पुस्तकं आहेत. पण ती ज्या घरांतून आली त्या घरांचीच आहेत. शाहू पाटोळे यांनी ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ लिहून मराठवाड्यातल्या महार-मांगांच्या चुलीवर काय शिजत होतं ते मांडलं, ते थेट 2015 मध्ये. ऋतू त्या चुलीलाही होते, पंचांग मात्र वेगळं होतं. खळ्यावर मिळालेलं बलुतं, रानातला पाला, मेलेल्या जनावराचं वाळवलेलं मांस, दुसऱ्याच्या सणाचं उरलेलं. हे सगळं धरल्याशिवाय ‘आपल्या आजीचा आहार’ हे वाक्य पुरं होत नाही.

वेळ संपत आली आहे, एक प्रश्न घेतो. मागून एक ताई विचारताहेत, भाकरी फाटते, शहरात ताजं पीठ मिळत नाही, काय करायचं? इतिहासाच्या व्याख्यानात हा प्रश्न आला याचा आनंद आहे. ताई, पाकिटातलं पीठ आणू नका. दोन किलो शाळू आणा, निवडा, आणि आठवड्यापुरताच दळून घ्या. गिरणीवाल्याला सांगा, गव्हावर दळू नको, ज्वारीवरच दळ. पीठ जुनं झालंच असेल तर पाणी चांगलं उकळून घाला, थोडा वेळ झाकून ठेवा आणि मग रगडून मळा. तरीही फाटली तर मोडा, वर ताक ओता, लसूण-मिरचीची फोडणी द्या. सोलापूरकडे कोणी त्याला वाया गेलेली भाकरी म्हणणार नाही. पुढच्या वेळी आपण मिठावर बोलू, म्हणजे शिरोड्याची मिठागरं आणि 1930 चा सत्याग्रह.